हळदीच्या दिवशी सांडलेलं पाणी

ताईचा फोन आला तेव्हा मी शहापूरच्या बाजारात होतो. "तुझे दाजी गेले रे... घरातच, झोपेत." आता महिना होत आला, म्हणून सांगतो, त्या 'घरातच' शब्दानं जीव थोडा हलकाही झाला होता. दाजींनी सगळी नोकरी मुरबाडच्या एका केमिकल कारखान्याच्या गोदामात काढली. संध्याकाळी त्यांची स्कूटर दारात थांबेपर्यंत ताईच्या घशाखाली चहा उतरत नसे. तिची ती भीती शेवटी खोटी ठरली.

कुठल्या पिंपात काय आहे त्याचं लेबल लावायचं, आणि काही सांडलं-पेटलं तर कुणी कुठून बाहेर पडायचं याची तालीम घ्यायची, हे दाजींचं काम. ते त्यांनी घरीही आणलं होतं. स्वयंपाकघरातल्या डब्याडब्यावर लाल रंगात नावं. मला काय मीठ-साखर कळत नाय, म्हणून ताई कुरकुरायची. हा माणूस उद्या तिच्या पाठीवरही 'बायको' असं लिहील, अशी आम्ही चेष्टा करायचो.

मग माझ्या लेकीची हळद आली... मे महिना, आणि आमचं गाव तानसाजवळ. धरण उशाला, कोरड घशाला. टँकरचं पाणी. माझ्या चुलतभावानं कुठल्याशा कारखान्यातून निळं पिंप आणलं होतं. त्यावरचं लेबल खरवडून, आतून राखेनं घासून बायकांनी पाहुण्यांसाठी त्यात प्यायचं पाणी भरलं. आमच्याकडे सगळे असंच करतात. असं पिंप मिळणं म्हणजे नशीबच. दाजी आले, खरवडलेली जागा बघून थबकले आणि हे पाणी कुणी प्यायचं नाय, म्हणाले. माझी आत्या खवळली. वास नाय, रंग नाय, असं म्हणत तिनं ओंजळ भरून थेट तोंडाशी नेली. दाजींनी तिच्या हातावर फटका मारला. सासरच्या वडीलधाऱ्या बाईच्या हातावर, भर मांडवात.

"चाखून नाय कळायचं, आत्या. वाचून कळतं. नि वाचायचं तेच तुमी खरवडलंत."

आणि त्यांनी पिंप आडवं केलं. भर मेमध्ये पाणी अंगणभर वाहिलं. आत्या रडली, चुलतभाऊ न जेवता निघून गेला. दाजी कुणाशी वाद न घालता वाशिंदला गेले आणि टेम्पोतून पाण्याचे जार घेऊन आले. हळद उशिरा लागली, पण लागली. त्या पिंपात आधी काय होतं, ते आम्हाला आजतागायत कळलेलं नाही. कळायची वेळच आली नाही, याचं मला केवढं बरं वाटतं!

बाराव्याला घर माणसांनी भरलं होतं. ताईला बसवून मी चहा टाकायला आत गेलो. फळीवर सारखेच दोन डबे, दोन्हींत पांढरंच. मी एक उघडून चिमूट जिभेकडे नेली, तर मागून आत्याचा आवाज आला.

"चाखू नको रे. वाच."

मी डबा उजेडाकडे वळवला. रंग फिकटला होता, पण अक्षर दाजींचंच... साखर. मी डावभर आधणात टाकली.