कवेलूमामांचं घर फेरलं तो रविवार

मे महिन्यातला शेवटचा रविवार, १९८२. शहापूरजवळचं आमचं गाव, कवेलूमामांचं अंगण. हजर: पुरुष एकोणीस, बाया अकरा. माझ्या यादीत फक्त बारा नावं होती.

मामांचा धंदा तलावात मासे धरण्याचा. पण उन्हाळा सरत आला की ते कोणाच्या ना कोणाच्या छपरावर दिसायचे. पावसाळ्याआधी सगळे कवेलू, म्हणजे छपराची कौलं, काढून, झाडून, फुटके बदलून पुन्हा बसवायचे, याला आमच्याकडे घर फेरणं म्हणतात. सकाळचं जाळं आटोपलं की मामा न बोलावता येऊन शिडी लावत. कोणी संकोचलं तर म्हणत, "घर फेरायले आवतन लागते काय? लगीन हाय काय?"

१९७४ साली मी शिक्षिका म्हणून गावात आले, तेव्हा माझ्याही छपरावर ते असेच चढले. मी खाली कामांची यादी घेऊन उभी. वरच्या फटीतून आवाज आला, "बाई, चुलीपाशी एकच ताट दिसून राहिलं. एकल्याच जेवता काय?" दुसऱ्या दिवसापासून मामी रोज संध्याकाळी माझ्या ओसरीवर भाजी निवडायला येऊन बसू लागल्या. निवडलेली अर्धी भाजी माझ्याकडेच राहायची.

छप्पर उघडलं की घरात काय कमी आहे ते दिसतं, असं मामांचं म्हणणं. कोणाची खाट मोडकी दिसली तर दुसऱ्या दिवशी सुतळी घेऊन हजर. कुठे तापलेलं लेकरू दिसलं तर कवेलू तसेच टाकून आधी डॉक्टर.

त्या वर्षी मामा तलावाच्या पाळीवरून घसरले. मांडीपर्यंत प्लास्टर. लेक चिखल्याहून बाळंतपणाला आलेली, दहा दिवसांची नात घरात, छपरातून आभाळ दिसत होतं आणि आभाळात ढग जमले होते. मी भरवशाच्या बारा माणसांना निरोप पाठवले. रविवारी सकाळी जाऊन पाहते तर तीस माणसं आधीच कामाला लागलेली. निरोपाची वाट कोणीच पाहिली नव्हती.

सुदाम आणि केवळराम यांना मी मुद्दाम वगळलं होतं. धानाच्या बांधीत पाणी घेण्यावरून त्यांचं तीन वर्षं बोलणं बंद होतं. दोघेही आले. अंगणातल्या खाटेवरून मामांनीच कामं वाटली. केवळराम छपरावर, त्याच्या हातातले कवेलू घ्यायला शिडीवर सुदाम. केवळरामनं पहिला कवेलू पुढे केला, पण हातातून सोडला नाही.

"धर ना, काय पाहून राहिला?" शेवटी तो म्हणाला.

"तू सोडशीन तं धरीन ना."

"तीन वर्सांनी तोंड उघडलं, तेई कवेलूसाठी," मामा खाटेवरून म्हणाले. "चाला, हात चालवा. माही नात भिजन."

दुपारी तीनला घर झाकून झालं. चारला पाऊस कोसळला. तीसच्या तीस माणसं आत दाटीवाटीनं उभी, मामा मधोमध खाटेवर, आणि सगळ्यांच्या नजरा वर. एक थेंब आला नाही. बाळ झोपूनच होतं. सुदाम आणि केवळराम एकाच परातीतले पोहे खात होते.

रिकाम्या गोठ्यावरची एक ओळ तेवढी फेरायची राहिली होती. मी पुढच्या रविवारसाठी दोन माणसं नेमू लागले, तर मामांनी अडवलं. "तेवढी राहू द्या, बाई. सारंच करून टाकाल तं पुढच्या वर्षी कोन्या कामानं याल?"

पुढे दर वर्षी सारे जमू लागले. आधी मामांचं घर, मग एकेक करून सगळ्यांची. ती ओळ मामा दर वेळी राखून ठेवत. त्यांना जाऊन आता दोन उन्हाळे झाले. काल पस्तीस माणसं आली. घर फेरून झालं, चहा झाला, शिडी उतरवली. गोठ्यावरच्या ओळीला कोणीच हात लावला नाही. मीही कोणाला सांगितलं नाही. वहीत ते काम पुढच्या वर्षात लिहून ठेवलं आहे.