पुसून बघणाऱ्या बायका

मी सांगलीला काय शिकते, हे आमच्या गावात सगळ्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. फलटणजवळचं आमचं गाव उसाचं. शेताला पाटाचं पाणी आणि जिभेला मोकळा वेळ, दोन्ही भरपूर. देवळापुढे बसणारे म्हणत, पोरगी न्हाव्याचं काम शिकायला गेली. धुण्यावरच्या बायका म्हणत, तमाशातल्या बायांची तोंडं रंगवायला गेली. माझे चुलते पलटणीत होते, त्यामुळे सगळ्या हिंदुस्थानातलं त्यांना कळायचं. ते सुट्टीवर आले आणि ओसरीवर बसून त्यांनी निकालच दिला, "त्यात शिकायचं काय हाय? पावडर लावाय काय कालेज लागतंय व्हय?"

'न्हाव्याचं काम' हे शब्द तर लोक शिवी हासडल्यासारखे उच्चारत. हेच लोक दर आठवड्याला त्याच न्हाव्यापुढे मांडी घालून बसत, गळा त्याच्या वस्तऱ्याखाली देत आणि गुळगुळीत होऊन उठले की त्याच्या कामाला नाक मुरडत. मला न्हावी म्हटल्याचा राग कधी आला नाही. ज्याच्या हातात आपली मान देतो त्यालाच हलका समजणाऱ्या अकलेचा मात्र यायचा, आणि अजून येतो.

आणखी एक समज असा, की नापास झालेल्या पोरी असलं काहीतरी शिकायला जातात. मी मॅट्रिक पहिल्या फटक्यात पास झाले होते. आमच्या भावकीतले तीन कुलदीपक त्या वेळी इंग्रजीच्या पेपराला दरवर्षी नवी पँट घालून जात होते. पण ते शिकत होते आणि मी वाया गेले होते.

सांगलीला मी मावशीकडे राहायची. तिचे यजमान हळदीच्या पेढीवर दिवाणजी होते. मावशीच्या गल्लीत एक बाई राहायला आल्या. त्या मुंबईला चेहऱ्याची आणि केसांची निगा राखायचं काम शिकलेल्या, नवऱ्याच्या बदलीमुळे सांगलीत आलेल्या. घराच्या पुढच्या खोलीत त्यांनी सहा महिन्यांचा वर्ग काढला. आम्ही चौघीजणी होतो. मिरजेच्या एका बांगडीवाल्यांची मुलगी रोज सकाळी गाडीने यायची आणि आमच्या सगळ्यांच्या आधी पोचायची.

पहिल्या दिवशी मीही लिपस्टिकचीच वाट बघत गेले होते, खोटं कशाला बोलू. बाईंनी पुढ्यात टॉवेलांचा ढीग टाकला. "धुवा, उकळा, वाळवा." बरेच दिवस एवढंच चाललं. मग भिंतीवर एक तक्ता आला. त्यावर कातडी सोललेला चेहरा. कपाळाचा स्नायू कुठून कुठे जातो, गालाचा कुठे अडकतो, मालिश कुठल्या दिशेने करायची आणि कुठल्या दिशेने केली तर बाई दहा वर्षांनी म्हातारी दिसेल, हे सगळं पाठ. त्यानंतर गजकर्ण कसं दिसतं, डोक्यातला खवडा कसा दिसतो, कुठल्या डोक्याला कंगवा लावायचा नाही आणि कुठल्या बाईला सरळ डॉक्टरकडे धाडायचं. "हात कुठं लावायचा नाही ते आधी शिका," बाई म्हणायच्या.

भुवया कोरायचा दोरा आम्ही स्वतःच्या नडगीवर चालवून शिकलो. पाय सोलवटून निघायचे. दोऱ्याचं एक टोक दातात धरायचं असतं, त्यानं ओठाचा कोपरा कापायचा, मग जेवताना तिखट लागलं की डोळ्यांतून पाणी. दिवसभर उभं राहून घोटे सुजायचे. आणि मावशीच्या शेजारणी म्हणायच्या, "मजा आहे बाई तुझी, दिवसभर नटायचं!"

गिऱ्हाइकंही तसलीच. केसांना कलप लावायच्या आधी तो कानामागे जरासा लावून एक दिवस थांबायचं, अंगावर उठतो का बघायचं. ते थांबणं कुणालाच मंजूर नसायचं. सगळ्यांची घाई एकच, पी हळद आणि हो गोरी. हळदीनं माणूस गोरा होत असता, तर सांगलीच्या बाजारात दिवसभर हळदीत बुडालेले हमाल विलायतेच्या साहेबासारखे दिसले असते. हे मी एकीला तोंडावर सांगितलं आणि बाईंनी मला आठवडाभर परत टॉवेलांवर बसवलं.

मावशीला मात्र माझं शिक्षण पसंत होतं. घरची मुलगी शिकते म्हणजे सगळ्या गल्लीचे अंबाडे फुकट, असा तिचा हिशेब. एखादा लग्नाचा दिवस आला की चार बायका पाट घेऊन रांगेत. पैशांचं नाव काढलं की मावशी म्हणे, "अगं, हातच तर फिरवायचा."

एवढं सगळं असून मला ते काम आवडलं होतं. मनापासून आवडलं होतं. एखादी दमलेली बाई खुर्चीत बसावी, माझ्या बोटांखाली तिचं कपाळ हळूहळू सैल पडावं आणि तिला तिथंच डुलकी लागावी, यासारखं सुख मला शेतात मिळालं नव्हतं, शाळेतही नाही. पाच महिने झाले होते, एक उरला होता. त्यानंतर बाई परीक्षा घेणार आणि पास होईल तिला स्वतःच्या हाताखाली कामाला ठेवणार होत्या. ती जागा मला हवी होती. मिरजेची मुलगी माझ्यापेक्षा सरस होती, पण तिला मिरजेतच घरी काम सुरू करायचं होतं.

आणि आबांचं, माझ्या वडिलांचं, कार्ड आलं. लोणंदकडचं स्थळ आहे, मुलगा पलटणीत आहे, रजेवर आलाय, रजा संपायच्या आत उरकायचं म्हणतात, निघून ये.

घरी पोचले तर आबांनी दारातच अट सांगितली. "ठरलं तर सांगली बंद. न्हाई ठरलं तर जे धरलंयस ते पुरं कर, मग बघू." माझे वडील शब्दाचे पक्के होते. गावात त्यांना त्याबद्दल मान होता आणि घरात आम्हाला त्याचा ताप.

मुलाबद्दल माझी काही तक्रार नव्हती. त्याला मी पाहिलंही नव्हतं. मला माझा उरलेला एक महिना हवा होता. रात्रभर विचार करताना मला आठवली ती बघायला येणाऱ्या बायकांची खोड.

आमच्याकडे मुलगी बघायला आलेली वडीलधारी बाई मुलीला चालवून बघायची, केस सोडून बघायची, आणि शेवटी रुमालाचं टोक पाण्याच्या तांब्यात बुडवून "किती घामाघूम झालीय पोर" म्हणत गाल पुसायची. माया म्हणून नव्हे. रंग निघतो का ते बघायला. माझ्या थोरल्या चुलत बहिणीचा गाल असा पुसला होता. तिची साधी पावडर निघाली आणि पाहुणे चहा अर्धा टाकून उठले होते. आता मी तर सांगलीला तेच 'शिकणारी'. माझा गाल पुसल्याशिवाय त्या जाणारच नव्हत्या.

माझा रंग सावळा आहे. मी कधी तोंडाला काही लावलं नाही, शिकताना तर नाहीच. त्या दिवशी लावलं. बाईंनी सरावाला दिलेली पॅनकेकची, म्हणजे चेहऱ्याला फासायच्या रंगाच्या वडीची, डबी माझ्या पिशवीत होती. माझ्या रंगापेक्षा चांगली दोन पायऱ्या उजळ. ओल्या स्पंजानं पातळ लावलं, आणि मान मुद्दाम तशीच सोडून पदराखाली झाकली, म्हणजे पुसल्यावर आंधळ्यालाही कळावं. बाईंनी बघितलं असतं तर कानफटात दिली असती. आई मात्र मला बघून हरखली. "सांगलीचं पाणी मानवलं गं तुला," म्हणाली. मला हसावं की रडावं कळेना.

पाहुणे आले. मुलगा, त्याचे आईवडील आणि त्याची बहीण. बहीण माझ्याच वयाची, माझ्याहून सावळी, उंबऱ्याजवळ अंग चोरून बसलेली. मी चहाचा ट्रे फिरवला. मला चालवलं, केस सोडवले. मुलगा स्वतःच्या बुटांकडे बघत होता. मग मुलाच्या आईनं रुमाल काढला, टोक तांब्यात बुडवलं, आणि मी मनात म्हटलं, पुस बाई, चांगला दाबून पुस.

तिनं पुसला. पांढऱ्या रुमालावर बदामी डाग उमटला. आईनं तोंडाला पदर लावला. आबा ताठ झाले. मी खाली मान घालून सांगलीची गाडी किती वाजता असते ते आठवत होते.

"आत्ता गं बया!" मुलाची आई म्हणाली. "एवढ्या जवळनं बी कळलं न्हाई. हात लय बेस हाय पोरीचा!" आणि ती चक्क आपल्या नवऱ्याकडे वळली. "आवं, बघा तर. आपल्या पोरीला चार जागी दावली, रंगापायी चारी जागी नकार. आता ही घरात आली म्हंजी भायेर कुणाला इचारायलाच नको. हीच करंल तिला उजळ." नवऱ्यानं मिशीवर हात फिरवला. "मग ठरलं म्हना की."

करायला गेले एक आणि झालं भलतंच. मला वाटलं होतं जगाला फसवणुकीचा तिटकारा आहे. जगाला दुसऱ्यानं केलेल्या फसवणुकीचा तिटकारा असतो. आपला तो बाब्या. आबा सुटल्यासारखे हसले आणि आईला साखर आणायला म्हणाले.

मी उंबऱ्याकडे बघितलं. ती मुलगी जमीन नखानं कोरत होती. तिच्या आईनं परक्या घरात, सगळ्यांसमोर तिचे नकार मोजून दाखवले होते आणि त्याचं कुणाला काहीच वाटलं नव्हतं. माझं डोकं फिरलं.

"आणि लग्न झाल्यावर?" मी विचारलं. "सासरी तोंड धुतल्यावर काय करायचं तिनं?"

"एकदा अक्षता पडल्या की कोन परत धाडतंय?" मुलाची आई म्हणाली.

"मी नाही करणार," मी म्हटलं. "मी लोकांना फसवायला शिकत नाही."

घरात बघायला आलेल्या लोकांपुढे मुलगी असं बोलत नसते. आईचा हात साखरेच्या डब्यातच राहिला. तेवढ्यात उंबऱ्यावरून ती मुलगी बोलली. पहिल्यांदाच बोलली, आणि नेमकं बोलली.

"मग आज सोता का लावलंयस?"

सगळे माझ्याकडे बघू लागले. खोटं बोलायला जागाच उरली नव्हती. "तुम्ही पुसाल म्हणून," मी मुलाच्या आईला म्हटलं. "पुसल्यावर नको म्हणाल म्हणून."

मग ती मुलगी हसली. खुदकन, तोंडावर हात न घेता, चांगलं मोकळं हसली. तिच्या आईनं उठून तिच्या कानशिलात दिली. माझ्या वाट्याची दिली, हे मला तेव्हाही कळलं. "चल, ऊठ," म्हणत तिला दंडाला धरून बाहेर काढलं. मुलगा सगळ्यात शेवटी उठला. जाताना आबांना नमस्कार केला. चहा त्यांनी तसाच टाकला.

आई रडली. आबा संध्याकाळपर्यंत गोठ्यात बसून राहिले. दिवेलागणीला आत आले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "ठरलं न्हाई न्हवं? मग सकाळच्या गाडीनं जा." मी आजवर ज्या पक्केपणावर चिडत आले होते, त्या दिवशी त्यानंच मला तारलं.

सकाळी मला बसवायला ते स्वतः फलटणच्या स्टँडवर आले. गावात तोवर गोष्ट पसरली होती आणि अर्थातच चुकीची पसरली होती. पोरीचा रंग निघाला, म्हणून पाहुणे उठून गेले. स्टँडवर भावकीतल्या एक काकी भेटल्या. त्या आमची चौकशी करायला म्हणून जवळ आल्या, आबांकडे पाठ केली आणि माझ्या कानाशी लागल्या. "आमच्या धाकटीला पुढल्या म्हैन्यात बघाय येत्यात. पुसलं तरी निगणार न्हाई असलं काय हाय का गं तुझ्याजवळ?"

मी तोंड उघडायच्या आत आबाच बोलले. त्यांना ऐकू गेलं होतं. "वैनी, तसलं ती शिकत न्हाई."

"मग काय शिकतीया?" काकींनी विचारलं.

आबांनी माझ्याकडे बघितलं, मग काकींकडे, मग समोरच्या गाड्यांकडे. "गाडी लागली," म्हणाले आणि माझी पिशवी उचलून चालायला लागले.

मी चढून खिडकीशी बसले. ते खाली उभे होते, टोपी काढून डोकं पुसत. ड्रायव्हरनं इंजिन चालू केलं तसे दोन पावलं पुढे आले आणि गज धरून म्हणाले, "खरंच गं, काय शिकवत्यात तिथं?"

पाच महिन्यांत हे मला, कळून घ्यायला म्हणून, पहिल्यांदाच कुणी विचारत होतं. मी सांगायला वाकले आणि कंडक्टरनं घंटी मारली.