कॅप्टनचा तुटका दात

दंतरावांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा अकरा मिनिटं त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलंच नाही. ते माझ्या तोंडात होते. जिन्यावरून पडून मी समोरचे दोन दात गमावले होते आणि दंतवैद्यांनी मला मापासाठी मागच्या गल्लीत, कवळ्या बनवतात तिथे पाठवलं होतं. दंतरावांनी माझा जबडा असा उघडला की आतून वारा वाहू लागला. आरसा झाला, बॅटरी झाली, दुसरा आरसा झाला. आणखी थोडा वेळ गेला असता तर ते आत सतरंजी अंथरून बसलेच असते. शेवटी बाहेर आले आणि गंभीरपणे म्हणाले, "तीन वर्षांपूर्वीपर्यंत तुम्ही उजवीकडून चावत होतात. मग एकदम डावीकडून. मधलं कारण कुठे दाखवलेलंच नाही."

मी उघड्या तोंडानेच "आँ?" केलं.

"आधीचं पुढच्याशी जुळलं पाहिजे," ते म्हणाले. "लोक आयुष्यात हे पाळत नाहीत. मालिकेत तरी पाळावं."

मग कळलं, की हे सगळं एका अंतराळयानाच्या मालिकेवरून आलंय. नववं पर्व चालू होतं आणि दंतरावांनी प्रत्येक भाग किमान चार वेळा पाहिला होता. यानाचा कॅप्टन पहिल्याच भागात आपटतो आणि त्याच्या वरच्या, डावीकडच्या दाताचा टवका उडतो. आपण त्या वेळी स्फोट बघतो. दंतरावांनी टवका पाहिला. पुढे तिसऱ्या पर्वात कॅप्टनचं लहानपण दाखवलं, तर त्या पोराचाही दात आधीच तुटलेला! दंतरावांनी निर्मात्यांना अकरा पानी पत्र धाडलं. उत्तर म्हणून कॅप्टनचा सहीवाला फोटो आला. फोटोत त्याने तोंड मिटलेलं होतं.

या माणसाने पडद्यावरचं चित्र थांबवून, पट्टीने मापं घेऊन कॅप्टनच्या जबड्याची प्लास्टरची प्रतिकृती बनवली होती. ती कारखान्यातल्या फळीवर, गिऱ्हाइकांच्या जबड्यांच्या रांगेत मधोमध, जरा उंच ठोकळ्यावर असे. एकदा एका आजीबाईंनी तीच आपली म्हणून उचलली, तेव्हा दंतराव दारापर्यंत धावले होते.

दर शुक्रवारी संध्याकाळी काम आटोपलं की तिथेच आमची बैठक भरायची. दंतराव, त्यांची बायको म्हणजे आमच्या वहिनी, समोरच्या दुकानातला चष्मेवाला आणि मी. एक भाग पाहायचा आणि मग खेळ: एकाने उठून एखादा प्रसंग न बोलता करून दाखवायचा, बाकीच्यांनी पर्व आणि भाग सांगायचा. दंतराव कधी हरले नाहीत. वहिनींनी एकदा नुसता खांदा उडवला, तर म्हणाले, "पर्व सहा, भाग दोन, चहा सांडल्यावर." बरोबर होतं.

मग नववं पर्व संपलं आणि जाहीर झालं की कॅप्टन बदलणार. नट दुसरा, कॅप्टन तोच.

नव्याचा फोटो आला. बत्तीसच्या बत्तीस दात शाबूत, न्हाणीघरातल्या फरश्यांसारखे चकचकीत. दंतरावांनी तो फोटो उजेडात धरला, मग पालथा ठेवला.

"अहो, आजपासून हजार वर्षांनंतरची गोष्ट आहे," चष्मेवाला म्हणाला. "दात बसवून घेतला असेल!"

"कोणी बसवला? यानावर दंतवैद्य आहे?"

"असेल एखादा."

"पर्व दोन, भाग सात! कॅप्टनची दाढ दुखते तेव्हा इंजिनवाला पक्कड घेऊन येतो! दंतवैद्य असता तर पक्कड कशाला आणली असती, सांगा ना!"

"बरं बाबा, दात राहू दे. माणूस बदलला तरी कॅप्टन राहतोच की."

"उद्या तुमच्या दुकानात दुसरा कोणी तुमचा कोट घालून बसला, तर मी त्याला डोळे दाखवायचे?"

"चष्मा नीट लागला तर दाखवा की!" वहिनी म्हणाल्या आणि हसल्या. दंतराव हसले नाहीत. त्यांनी फळीवरून प्लास्टरचा जबडा उतरवला, टेबलावर ठेवला आणि आम्हा तिघांना त्यावर हात ठेवायला लावला. नव्या कॅप्टनचं एक मिनिटही बघायचं नाही. बैठक राहील ती जुन्याची. आम्ही शपथ घेतली. मला हसू येत होतं, पण त्यांचे डोळे पाहिले आणि गिळून टाकलं. घरात पोर नाही, मित्र म्हणजे आम्हीच दोघं. शुक्रवार मोडला तर या माणसाकडे उरतं काय, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

माहीत असून आम्ही जे केलं ते असं. दर मंगळवारी दुपारी चष्मेवाल्याच्या दुकानात, काचांच्या कपाटामागे, आम्ही तिघं नवं पर्व बघायला लागलो. वहिनी घरी सांगायच्या, बहिणीकडे जाते. मी काहीच सांगत नसे, मला कोणी विचारत नाही.

दीड महिना गेला. एका शुक्रवारी खेळात वहिनींची पाळी आली. त्या उठल्या, पाय रोवून उभ्या राहिल्या, डाव्या हाताने मोठा खटका ओढल्यासारखं केलं आणि मग त्याच हाताने डोकं खाजवलं. मला फस्सकन हसू फुटलं.

"कितवा भाग?" दंतरावांनी विचारलं.

"चौथा!" चष्मेवाला ओरडला.

"पर्व?"

वहिनींनी हात खाली घेतला. जुना कॅप्टन सगळं उजव्या हाताने करायचा. नऊ पर्वांत त्याने खटका कधी डाव्या हाताने ओढला नव्हता. नवा नट डावखुरा होता.

दंतरावांनी आमच्याकडे एकेक करून पाहिलं. या वेळी चेहऱ्याकडे.

"कुठे बघता?"

"माझ्या दुकानात," चष्मेवाला म्हणाला. "मंगळवारी."

"मंगळवारी ही बहिणीकडे असते."

"नसते," वहिनी म्हणाल्या. "अहो, पुढे काय होतं ते बघायचं होतं मला. एवढंच."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"कसं सांगणार? तुम्ही त्या जबड्यावर हात ठेवायला लावलात."

"आणि हसलात? तिघं मिळून? चौथ्या भागाला?"

"हसण्यासारखाच होता हो," वहिनी हळूच म्हणाल्या.

मी काहीतरी विनोद करायला गेलो. दंतराव माझ्याकडे वळले. "तुमच्या तोंडात मी केलेले दात आहेत. त्याच दातांनी दर शुक्रवारी माझ्याशी खोटं बोललात." मग त्यांनी दिवे घालवायला सुरुवात केली, एकेक करून, आम्ही अजून आत बसलेलो असताना.

पुढच्या शुक्रवारी मी गेलो. दाराला आतून कडी होती आणि घासायच्या यंत्राचा आवाज येत होता. चष्मेवाला दोनदा जाऊन आला. वहिनींनी मंगळवार सोडला. नवं पर्व त्यांनी पुढे पाहिलं नाही, आणि जुनं बघायला दंतरावांनी त्यांना बोलावलं नाही.

नवा कॅप्टन अकरा भागांत बंद पडला. कोणाला फारसा आवडला नव्हता. मालिकाही संपली. माझे समोरचे दोन दात आता दुसऱ्या माणसाने करून दिले आहेत. ते नीट बसतात.