न्हाणीची वाकडी नळी

चुकलंमाकलं असेल त्याची आधीच माफी मागते. मी मराठी चौथीपर्यंत शिकले. ऱ्हस्वदीर्घ मला कधी साधलं नाही, आणि माझं अक्षर म्हणजे उन्हात घातलेले सांडगे, एक इकडे कलंडलेला, एक तिकडे. ही वही मी ट्रंकेत लुगड्यांच्या तळाशी ठेवते. तरीही ती तुझ्या हाती लागली असेल, तर तू कोण आणि कुलूप कसं उघडलंस, असा संशय मला आत्ता लिहितानाच येतो आहे. पण आता उघडलीच आहेस, तर शेवटपर्यंत वाच.

शिकेकाईचा उग्र वास, फरशीचा गारवा आणि पायाची बोटं बुडतील इतकं थांबून राहिलेलं कोमट पाणी. लढाईच्या दिवसांतला तो माघ महिना आठवला, की मला आधी हे पाणी आठवतं. वाहणारं पाणी किती निर्मळ मनाचं वाटतं! तेच पाणी थांबलं, की कसला तरी विचार करत बसल्यासारखं दिसतं. मला त्या पाण्याची भीती वाटायची, कारण ते कोणामुळे थांबलं होतं हे मला एकटीलाच ठाऊक होतं. निदान तेव्हा मला तसं वाटत होतं.

आमची न्हाणी घराच्या मागल्या भिंतीशी होती. तीन बाजूंना कूड, खाली एक काळी फरशी आणि भिंतीच्या तळाशी मुठीएवढं भोक. भोकातून पाणी परड्यात जाई आणि तिथून शेजारच्या भिवाकाकांच्या केळीला. पाण्याला त्या भोकात बाहेरची वाट दिसत असेल, मला मात्र आत यायची दिसे. तिथून सरपटणारं येईल, उंदीर येईल, आणि जिला पायही नाहीत आणि शेपूटही नाही अशी माणसाची नजर येईल! एका सकाळी अंगावर पाणी घेताना भोकातला उजेड क्षणभर विझला आणि पुन्हा आला. बाहेर कुदळ घेऊन भिवाकाका केळीच्या आळ्याशी बसलेले होते. त्यांनी पाहिलं की नुसते वाकले? हे विचारायचं कोणाला, आणि कोणत्या तोंडानं? मी यांनाही सांगितलं नाही. जुन्या धोतराची चिंधी फाडली आणि भोकात कोंबली.

तेव्हापासून पाणी तुंबू लागलं. फरशीवर शेवाळ धरलं. माझ्या थोरल्या जाऊबाई त्या वेळी सातव्या महिन्यात होत्या. त्यांची दोन मुलं आधी गेली होती, म्हणून या तिसऱ्याकरिता घरातली सगळी माणसं श्वास रोखून चालत होती. त्या रोज करवादायच्या, "गो यमे, हे पानी हाय का पावना? जायाचं नावच घेत नाय!" मी मान खाली घालून भांडी घासत राही. भिवाकाका कुंपणापलीकडून ओरडत, "सूनबाय, तुमच्या न्हाणीचं पानी कुटं गेलं गो? माजी केळ सुकली!" आणि जाऊबाई चुलीपासूनच उत्तर देत, "केळीला सांगा, आमी बी पारोशाच हाव!" काका हसत निघून जात. मला त्या हसण्याचाही संशय येई.

मग एक दिवस न्हाणीत जाऊबाईंचा पाय घसरला. खुंटीला हात लागला म्हणून त्या पडल्या नाहीत. बाहेर आल्या तेव्हा त्यांचे ओठ पांढरे झाले होते आणि दोन्ही हात पोटावर होते. त्याच दिवशी दुपारी कोणी नाही असं पाहून मी माझी चिंधी ओढून काढली. पण घागरभर पाणी ओतून पाहिलं, तर ते हललं नाही! वेताची काडी घालून खरवडलं, तेव्हा आणखी आतून दुसरी चिंधी निघाली. ती माझी नव्हती. चिखलानं काळी झालेली, एका बाजूला काठ असलेली. मी ती धुतली. काठ हिरवा निघाला. पुरावा म्हणून वाळवून ट्रंकेत ठेवली. कोणी कोंबली ही? बाहेरून काकांनी? पण पाण्यावाचून ज्याची केळ सुकते, तो पाणी का अडवील? का मला फसवायलाच तो रोज पाण्याची विचारपूस करत होता? संशयाला एकदा घरात घेतलं, की तो चुलीपर्यंत येतो.

भोक मोकळं ठेवावं तर नजरेचं भय, बुजवावं तर जाऊबाईंच्या पोटातल्या जिवाचं. दोन्ही कसं राखायचं? रॉकेलच्या डब्याचा पत्रा कापून, त्याला खिळ्यानं बारीक छिद्रं पाडून मी तो भोकावर बसवला. दोन दिवसांत शिकेकाईच्या चोथ्यानं आणि केसांनी छिद्रं लिंपून गेली. मग रोवळीत तांदूळ धुताना ध्यानात आलं, की तांदूळ तळाशी बसतात आणि पाणी बाजूंनी निघून जातं. सपाट जाळी चुकलीच होती! जाळी हवी ती फुगीर, पालथ्या करवंटीसारखी, बाजूंना उभ्या चिरा असलेली. खालच्या चिरा भरल्या तरी वरच्या मोकळ्या राहतील.

पण नजरेचं काय? तेव्हा मला माझं माहेर आठवलं. तानशाच्या तलावाचं पाणी ज्या अजस्र नळातून मुंबईला जातं, तो आमच्या रानातून जाई. आम्ही मुली त्याला कान लावून उभ्या राहायचो. आत पाणी धावत असे, पण ते कुठून आलं आणि कुठे चाललं, काही दिसत नसे. नळ टेकडीपाशी वळे आणि पाणीही त्याच्याबरोबर वळे. पाण्याला वळता येतं, नजरेला येत नाही! एवढी साधी गोष्ट मला सुचायला एक जीव घसरावा लागला.

किन्हवलीची कुंभारीण मडकी घेऊन दारी येई. बाईमाणूस म्हणून माझी जीभ जरा सैल झाली. मी कोळशानं ओट्यावर नळी काढून दाखवली, वीतभर सरळ खाली उतरणारी आणि मग कोपरासारखी बाहेर वळणारी. ती हसून हसून बेजार झाली. "गो बाय, तुजी न्हाणी तमाखू वढते का काय? ही तर चिलीम!" पण तिनं ती घडवली. पहिली भट्टीत तडकली, दुसरी नीट उतरली. तिच्या तोंडावर मी पत्र्याची तसली फुगीर जाळी बसवली. फरशीला मधोमध भोक पाडायला, तिला उतार द्यायला आणि नळी बाहेर काढून भिंतीतलं जुनं भोक बुजवायला पाथरवट लागला. त्याचा रुपया आणि कुंभारणीचे आठ आणे. मी ते यांच्याकडे मागितले नाहीत, कारण कशाला हवेत हे सांगावं लागलं असतं. जाऊबाईंकडे मागितले. त्यांनी एक शब्दही न विचारता काढून दिले. न विचारता कोण देतं? मला तोही संशय आला.

पूर्वी घागरभर पाणी जायला दोन भाकरी भाजून व्हायच्या. आता तव्यावर भाकरी उलटायच्या आत फरशी कोरडी! सरळ खाली पडणाऱ्या पाण्याला केवढा जोर असतो! भिवाकाका ओरडले, "सूनबाय, माजी केळ न्हाली गो!" हल्ली ते परड्यात येताना मोठ्यानं खोकतात. पूर्वीही खोकत होते का? आठवत नाही, आणि आठवल्यासारखं करायचीही माझी तयारी नाही.

चैत्रात जाऊबाईंना मुलगी झाली. बाळंतिणीच्या न्हाण्याचं हंडे हंडे ऊन पाणी त्या नळीनं मुकाट गिळलं. मी परड्यातली तोंडली धसईच्या बाजारी पाठवून दर आठवड्याला दोन आणे फेडत होते. बाराव्या बाजाराचे दोन आणे घेऊन मी बाजेशी गेले. मूल छातीशी होतं. जाऊबाईंनी एका हातानं उशीखालून, मी आजवर न पाहिलेली, पुरचुंडी काढली. चिंधीला हिरवा काठ होता.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, "ह्याचा दुसरा तुकडा तुज्याकडंच असंल ना गो? धोतराची चिंधी मीबी बगितली व्हती. म्हटलं, एक पुरंल का दोघींच्या लाजंला? भायेरनं माजीबी कोंबली!" पाय घसरला त्या दिवसापासून त्याही माझ्यासारख्याच मनात कुढत होत्या, आणि तोंड उघडायचं धाडस त्यांनाही झालं नव्हतं. एकाच भिंतीआड दोघी, एकाच भोकाला भ्यालेल्या, आणि संशय मात्र साऱ्या जगाचा!

मागे न्हाणीत कोणीतरी पाणी ओतलं. ते थांबलं नाही, गडगड करत खाली गेलं आणि वळलं. जाऊबाईंनी माझे दोन आणे पुरचुंडीत टाकले, गाठ मारली आणि म्हणाल्या, "फिटलं गो, सगळं."