संतोषच्या लाल गाडीच्या लाईटी

जुन्या बॅटऱ्या, जळके हॉर्न आणि किस्से, या तीन गोष्टी आमच्या गॅरेजात कधी कमी होत नाहीत. बॅटऱ्या आणि हॉर्न भंगारवाला नेतो. किस्से कोण नेणार? ते साठतच जातात!

सास्तूरच्या अलीकडं, रस्त्याच्या कडेला, मी आणि रफिकभाई मिळून गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो. शाळेत हे कुणी शिकवलं नाही. उघडत गेलो, जोडत गेलो, शिकत गेलो. रोज काम आटोपलं की दिवसभरात काय घडलं ते चार ओळींत लिहून ठेवायची मला सवय आहे. पण संतोषच्या गाडीला चार ओळी पुरल्या नाहीत. त्या आठवड्यानं आम्हाला इतकं हसवलं, आणि इतकं दिलं, की सगळं नीट सांगितलंच पाहिजे.

*

गुरुवारी सकाळी गॅरेजसमोर एक लालभडक स्पोर्ट्स कार थांबली. आमच्या रस्त्यावर असली गाडी कधी फिरकत नाही. दोनच दारं, आणि उंचीला इतकी कमी की रफिकभाईंनी स्टुलावर बसल्या बसल्याच तिच्या टपावर हात ठेवला.

"उभी हाय का बसलीया?" ते म्हणाले.

आतून सास्तूरचा संतोष बाहेर आला. पुण्यात नोकरीला असतो. गाडी सेकंड हँड घेतलेली, पण अगदी नवीसारखी.

"मिस्त्री, लाईटचं काम हाय."

"लागत न्हाईत?"

"लागतात की!"

"मग?"

"बंद करायच्यात!"

इतकी वर्षं लोक बंद पडलेल्या लाईट चालू करून घ्यायला आले. चांगल्या चालणाऱ्या लाईट बंद करून घ्यायला आलेला हा पहिलाच!

*

प्रकार असा होता. या गाडीला आपोआप लागणाऱ्या लाईट. अंधार पडला की गाडी स्वतःच लावते, उजेड झाला की स्वतःच विझवते. पण संतोषच्या गाडीच्या लाईट भर उन्हातही चालूच!

आणि आपल्याकडं दिवसा कुणाची लाईट चालू दिसली, की त्याला सांगितल्याशिवाय माणसाला चैन पडत नाही. समोरून येणारा प्रत्येक जण मूठ उघडझाप करून दाखवणार. नळदुर्गपासून मोटरसायकलवाल्यांनी दाखवलं, एसटीच्या ड्रायव्हरनं दाखवलं, ट्रॅक्टरवरच्या बायांनी दाखवलं.

"एका काकांनी तर मागं फिरून पाठलाग केला," संतोष म्हणाला. "मला वाटलं काय अपघात झाला! गाडी आडवी घातली, धापा टाकत म्हणाले, लाईट चालू हाय. मी म्हणलं, काका, बंदच होत न्हाय."

"मग काय म्हणले?"

"म्हणले, मग एवढी भारी गाडी घेतलीस कशाला!"

रफिकभाई हसले. पण मला बरं वाटलं. ओळख ना पाळख, आणि माणूस दुसऱ्याच्या बॅटरीची काळजी करत मागं फिरतो. अशा रस्त्यावर आपलं गॅरेज आहे!

*

संतोषची खरी अडचण मात्र घरात होती.

त्याचे वडील, अण्णा, ग्रामपंचायतीत होते. गावातले खांबावरचे दिवे संध्याकाळी लावायचे आणि पहाटे विझवायचे, हे त्यांचं काम. भूकंपानंतर नवं गाव वसलं, तिथल्या गल्लीत दिवे लागले ते अण्णांच्या हातानं. रिटायर झाले तरी दिवसा कुठं बल्ब जळताना दिसला की अण्णा दार वाजवतात. कुणाचंही असो!

नव्या मोटरसायकलींची लाईट बंदच होत नाही, म्हणून ते त्यांच्यावर बसत नाहीत. आणि पोराची गाडी दारात आली ती लाईट लावूनच.

"दिवसाढवळ्या दिवा जाळणाऱ्या गाडीत म्या बसत नसतो," अण्णा म्हणाले आणि घरात गेले.

संतोषनं ठरवलं होतं, स्वतःच्या गाडीत पहिल्यांदा अण्णांना बसवायचं, तुळजापूरला दर्शनाला न्यायचं. रविवारी त्याला पुण्याला परत जायचं होतं.

"मिस्त्री, त्यांनी आयुष्यभर मला सायकलवर पुढं बसवून नेलं," तो म्हणाला. "एकदा तरी त्यांनी माझ्या शेजारी बसावं."

रफिकभाईंनी लगेच बॉनेट उघडलं.

*

बॉनेटमध्ये काहीच बिघाड नव्हता. मग मी आत वाकून पाहिलं. अशा गाडीत पुढच्या काचेपाशी, डॅशबोर्डवर, उजेड ओळखणारा एक छोटा काळा सेन्सर असतो. तो सापडेना. कारण बरोबर त्याच्यावर देवीचा फोटो चिकटवलेला, त्याला झेंडूचा हार!

गाडीची पूजा संतोषच्या आईनं केली होती. सेन्सर झाकला गेला, आणि गाडीची समजूत झाली की कायमची रात्र आहे!

आता फोटो हलवायचा कुणी? रफिकभाई हात मागं बांधून उभे. "म्या हात लावायचा न्हाय. तुमी लावा." मी संतोषकडं पाहिलं. संतोषनं आईला फोन लावला.

आई म्हणाली, "हलवा की! पण पाया पडून हलवा. आणि तोंड पोराकडं ठेवा. तो गाडी कशी चालवतो ते दिसाय पायजे तिला!"

आम्ही तिघंही पाया पडलो. फोटो बाजूला झाला आणि लाईट विझल्या!

*

आनंद चिंचेच्या झाडापर्यंत टिकला. गाडी सावलीत गेली, लाईट पुन्हा लागल्या.

मग स्क्रीनवरच्या सेटिंगमध्ये शिरलो. सेन्सर किती अंधाराला जागा व्हावा, त्याची लेव्हल होती. ती कमी केली. आता तपासायला अंधार हवा, आणि डोक्यावर दुपारचं ऊन. रफिकभाईंनी गोणपाटं आणली. काच झाकली, दारं झाकली, आत संतोष बसला.

रस्त्यानं जाणारे एक पाव्हणे थांबले. बराच वेळ बघत राहिले.

"काय," ते म्हणाले, "पिकायला घातली का गाडी?"

लेव्हल बरोबर बसली. सेटिंगमधून ऑटो बंदही करता येत होतं, संतोषला ते ठाऊकच नव्हतं. पण गाडी बंद करून पुन्हा स्टार्ट केली, की ती आपली परत ऑटोवर! शेवटी मी म्हटलं, हिची हुशारीच काढू. ऑटोची लाईन तोडली आणि एक साधं बटण बसवलं. लावलं तर लागेल, विझवलं तर विझेल.

*

शनिवारी अण्णा स्वतः तपासायला आले. शेजाऱ्याच्या बैलगाडीतून! आले ते थेट लाल गाडीच्या पुढं. वाकले, लाईटच्या काचेवर तळहात ठेवला.

"गार हाय," म्हणाले. आम्ही सुटलो.

रफिकभाईंनी एका बाजूनं धरलं, मी दुसऱ्या बाजूनं. अण्णा सीटवर टेकले आणि ओरडले, "आरं, हिरीत उतरल्यागत हाय की हे!" पण बसले. संतोषचे डोळे भरून आले.

आणि अण्णांनी विचारलं, "बटण कुठंय?"

"माझ्या बाजूला हाय, अण्णा."

अण्णा पुन्हा बाहेर निघू लागले.

"का हो?" मी विचारलं.

"माझा हात पुरत न्हाय!"

मी पान्हा उचलला आणि बटण डाव्या बाजूला, अण्णांच्या गुडघ्यापाशी नेऊन बसवलं. संतोषला हळूच म्हटलं, "तुमच्याकडंही एक ठेवतो."

"नको, मिस्त्री," तो म्हणाला.

*

त्याच दिवशी दोघं तुळजापूरला जाऊन आले. परत येताना प्रसाद द्यायला थांबले. अण्णांचा डावा हात अजून बटणावरच.

"कशी काय झाली सफर?" रफिकभाईंनी विचारलं.

"बरी हाय गाडी," अण्णा म्हणाले. "पोरगं चांगलं चालवतंय. लाईट म्या बघितली."

गाडी चालवली कुणी, असं तुळजापुरात कुणी विचारलं असतं, तर त्यांनी "आमी दोघांनी" असंच सांगितलं असतं. प्रसाद खाताना माझ्या मनात आलं, या कामात देवानं आपल्याला कमी दिलेलं नाही.

*

रविवारी संतोष पुण्याला निघाला. एकटाच. निरोप घ्यायला गॅरेजपाशी थांबला, चहा झाला, बोलण्यात दिवस मावळायला आला.

"लाईट लावा आता," मी म्हटलं.

त्यानं गाडी स्टार्ट केली आणि खिशातून फोन काढला. स्पीकर लावला.

"अण्णा, लावू का?"

"थांब," अण्णांचा आवाज. "भाईर जाऊन बघतो."

चपलांचा आवाज आला. कडी वाजली. आम्ही दोघं गाडीच्या दाराशी उभे, इंजिन चालू, समोरचा रस्ता राखाडी होत चाललेला.

"अजून न्हाय. गाईच्या कपाळावरला पांढरा चांदवा दिसतोय."

"बरं."

एक टमटम लाईट लावून गेली. संतोष तसाच बसून राहिला.

"हां," अण्णा म्हणाले. "आता लाव."

संतोषनं रिकाम्या सीटवरून हात लांब केला आणि बटण दाबलं.