तिथं वाढायला कोण असतंय?

अन्याय झाला तो माझ्या आईवर. कधी झाला तेही सांगून ठेवते, म्हणजे नंतर ‘आम्हाला काय माहीत’ म्हणायची सोय कुणाला राहायला नको. मे महिन्यातल्या एका रविवारी सकाळी, दुसऱ्या चहाचं आधण ठेवायला ती आत गेली तेव्हा. आधणाला उकळी फुटायच्या आत बाहेर ठराव मंजूर झाला होता. एकमतानं.

सभा भरली होती उंब्रजच्या आमच्या घरी, सोप्यात. विषय एकच. येत्या शनिवारी सगळे मिळून थीम पार्कला जाणार, तर तिथल्या जेवणाचा प्लॅन घ्यायचा की नाही? अध्यक्षस्थानी अर्थातच आबा, म्हणजे माझे वडील. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त, सध्या उसाच्या चार पट्ट्यांवर हुकूम चालवतात. सांगलीहून मामा आला होता, आईचा सख्खा धाकटा भाऊ, सोबत भडंगाची ही मोठी पिशवी. मामी आली नव्हती. तिच्याकडं पाहुणे होते, म्हणजे ती तिकडं रांधत होती. आटपाडीची आत्या पंधरा दिवस आधीच येऊन बसली होती. पुण्यात नोकरी करणाऱ्या भावाची दोन पोरं सुट्टीला आली होती, त्यांच्याच हट्टापायी ही सहल. आणि मी. मी साताऱ्यात राहते, बायकांच्या प्रश्नांवर पत्रकं लिहिते आणि चौकात उभी राहून वाटते. घरात याला ‘पोरीचा कागदाचा धंदा’ म्हणतात.

मोठ्यानं वाचायची सवय असल्यामुळं फोनवरची माहिती मीच वाचून दाखवली. तिकिटाबरोबर जेवणाचे पैसे आगाऊ भरायचे. मनगटावर रंगीत पट्टा बांधतात. तो दाखवला की दुपारी मोठ्या हॉलमध्ये हवं तेवढं जेवायचं, संध्याकाळी चहा-नाश्ता. आधी भरलं नसेल तर त्या दिवशी गेटबाहेरच्या खिडकीवरही मिळतो. ज्याला नको त्यानं आत काउंटरवर विकत घेऊन खावं.

“मेसचं जेवन मी सगळी नोकरी खाल्लंय,” आबांनी सुरुवात केली. “पैसं आदी कापून घेत्यात. मग ताटात काय पडंल ते आपलं नशीब.”

“आनि पैसं भरल्यात म्हनून मानूस तडस लागंपर्यंत खातंय,” मामा म्हणाला. “वर त्या उलट्या पाळन्यात बसायचं. भरलेलं सगळं वसूल, पन खालच्या मानसाच्या डोक्यावर.”

आत्याला तर शनिवारचा उपास. “मला कुटलं चालतंय त्येंचं? त्येंच्या कढईत काय काय तळलं आसंल देवाला ठावं. माजी खिचडी घरचीच पायजे बाई.”

हरकती खोट्या नव्हत्या, हीच तर पंचाईत. हॉल दुपारीच तेवढा उघडा. पोरं एकदा पाण्याच्या घसरगुंडीवर चढली की ओढूनही आणता येणार नाहीत, आणि आणली तरी दोन घास खाऊन पळणार. उपासाच्या माणसाला प्लॅन म्हणजे नुसती देणगी. इतका सखोल विचार मी आमच्या ग्रामसभेत कधी ऐकला नाही. फक्त एक मुद्दा कुणाच्या डोक्यात आला नाही.

“मग ठरलं,” आबा म्हणाले. “घरचं न्यायाचं. दशम्या, बटाट्याची भाजी, शेंगदान्याची चटनी. झाडाखाली बसायचं, निवांत खायाचं.”

घरचं! जणू ते घराच्या भिंतीच शिजवतात.

“आणि करणार कोण हे सगळं?” मी विचारलं.

“करनार कोन म्हंजे? तुजी आई हाय की.”

रागानं नाही म्हणाले. गावाला नदी आहे तशी घराला आई आहे, एवढ्या सहजपणानं म्हणाले. मी म्हटलं, मग तिला तरी विचारा. सहल तिचीही आहे.

“आगं इचारतो की! त्यात काय?” आबांनी मान आतल्या दाराकडं वळवली. “काय गं, घरचंच न्यायचं नव्हं?”

आतून भांड्यांच्या आवाजात उत्तर आलं, “तुमी म्हनाल तसं.”

झालं. लोकशाहीचा विजय झाला. मी तोंड उघडणार तेवढ्यात मामा म्हणाला, “गप गं. आंदोलनं रस्त्यावर करायची, घरात न्हाईत.” आणि सगळे हसले. पोरंसुद्धा.

मग आई चहा घेऊन आली. एकेकाच्या हातात कप देताना तिनं मला एकच प्रश्न विचारला, “तितं वाढाय कोन असतंय?”

पुन्हा हशा. मामा म्हणाला, “आक्के, तितं टोपीवालं वाढपी असत्यात. तुला उटायचं काम न्हाई. बसल्या जागी आनून घालत्यात.”

“व्हय?” आई म्हणाली. आणि रिकामे कप गोळा करून आत गेली.

तो प्रश्न हसण्यासारखा का नव्हता, हे कळायला आमच्या मागच्या सहली माहीत हव्यात. महाबळेश्वर कसं होतं विचारलं तर आबा पॉइंटांची नावं सांगतात. आई सांगते, “गारठ्यानं डाळ शिजता शिजंना.” कोकणात समुद्र पाहून आलो, तिला आठवतं ते गॅसची छोटी शेगडी वाऱ्यानं सारखी विझत होती. समुद्राकडं तिची पाठ होती, शेगडीला आडोसा म्हणून. औदुंबरच्या घाटावर आम्ही नावेत बसून आलो तेव्हा ती काठावर कांदा चिरत होती. तिनं जग पाहिलेलंच नाही असं कोण म्हणेल? पाहिलंय की. पातेल्याच्या कडेवरून.

घरातही तसंच. आधी पुरुष, मग पोरं, मग पाहुण्या बायका. सगळ्यांना ‘आजून घ्या, लाजू नका’ करून झाल्यावर ती बसते, तेव्हा भाकरी गार आणि कालवण तळाला. तिला कुणी ‘आजून घे’ म्हटलेलं मी ऐकलेलं नाही. म्हणायला जाग्यावर असतंच कोण? सगळे हात धुवून उठलेले.

शनिवार उजाडायच्या आधीच आई उठली होती. मी कणीक मळायला बसले, तर दोन दशम्यांनंतर तिनं पोळपाट काढून घेतला. “नकाशे नकोत, दशम्या पायजेत,” म्हणाली. भाजी, चटणी, आत्याची खिचडी, पोरांसाठी गोड पुऱ्या, प्रवासात तोंडात टाकायला शंकरपाळ्या. मामाच्या गाडीत सामान भरलं तेव्हा माणसांना बसायला जागा उरली नाही. मांडीवर डबे घेऊन आम्ही निघालो. आईच्या मांडीवर सगळ्यात मोठा. वाटेत आबा दोनदा म्हणाले, “हात सोडू नकोस गं, तेल सांडंल.”

गेटवर पिशव्या तपासत होते. बाहेरचे पदार्थ आत नेता येत नाहीत, असं पाटीवर लिहिलेलं. ते फोनवरही लिहिलेलं होतं आणि मी सभेत वाचूनही दाखवलं होतं, पण तेव्हा आबा म्हणाले होते, “बगू की तितं. आपला मानूस निगंल कोनतरी.”

आणि आपला माणूस निघालाच! गेटवरचा गार्ड निवृत्त फौजी. आबांचा चेहरा उजळला. दोघांनी कुठली पलटण, कुठलं पोस्टिंग, कुठला बर्फ, सगळं काढलं. मामा डबे घेऊन तयारीत उभा. मग गार्ड अगदी आदरानं म्हणाला, “साहेब, तुम्हाला मी काय सांगू? ऑर्डर म्हणजे ऑर्डर. डबे गाडीत.”

फौजी माणसाला याच्यापुढं बोलता येत नाही. आबांनी आयुष्यभर हेच वाक्य आम्हाला ऐकवलं होतं, ते पहिल्यांदा त्यांच्या अंगावर आलं.

तरी हुज्जत चाललीच. आत्या म्हणाली, उपासाचं तर सोडा, देवाचं काम आहे. मामा म्हणाला, भडंग म्हणजे जेवण नव्हे. या गोंधळात आई कुठं गेली हे कुणी पाहिलं नाही. मीही नाही. डबे गाडीत ठेवून आलो तेव्हा ती आमच्या आधी रांगेत उभी होती, आणि तिच्या हिरव्या बांगड्यांच्या वर मनगटाला एक नारिंगी पट्टा होता.

“आई, हे काय?”

“जेवनाचं.”

“कुणासाठी घेतलंस?”

“माज्या हाताला हाय म्हंजे माज्यासाटी.” आणि हळूच म्हणाली, “बोंबलू नगंस.”

नाही बोंबलले. आयुष्यात एवढी मोठी घोषणा मी एवढ्या मुकाट्यानं कधी गिळली नव्हती.

दुपारी सगळ्यांच्या पोटात आग पडली. पोरं घसरगुंडीवरून ओढूनही येईनात, हे भाकीत तेवढं खरं ठरलं. डबे दूर पार्किंगमध्ये, आणि एकदा बाहेर गेलं की परत आत घेत नाहीत. जेवणाच्या हॉलसमोर आलो. दारात एक माणूस पट्टे बघून आत सोडत होता. आईनं पदर सारखा केला, हात पुढं केला आणि आत गेली.

“आगं, ही कुटं चालली?” आबा.

“जेवायला.”

“आनि आपन?”

“आपण ठराव केलाय.”

हॉलची एक बाजू काचेची होती. आम्ही बाहेर, ती आत. ती बसली. नुसती बसली हेच बघायला आम्हाला वेळ लागला, कारण जेवणाच्या वेळेला बसलेली आई आमच्यापैकी कुणाच्या ओळखीची नव्हती. टोपी घातलेला एक पोक्त वाढपी गरम पुऱ्या घेऊन फिरत होता. तिच्यापाशी थांबला, वाकून काहीतरी विचारलं. आईनं आधी मागं बघितलं, दुसऱ्या कुणाला विचारतोय का म्हणून. मग ताट पुढं केलं. तो गेला, फिरून आला. पुन्हा विचारलं. ती काहीतरी म्हणाली आणि हसली. काचेतून ऐकू आलं नाही.

“हिला खुनव गं, पोरांना भूक लागलीया म्हनावं.”

“आबा, पोरं पाण्यात आहेत.”

“मग मला लागलीया.”

“काउंटर तिकडं आहे.”

सुभेदारसाहेब वडापावच्या रांगेत उभे राहिले. मामानं सँडविच घेतलं, आत पनीर निघालं, त्यावर तो घरी पोचेपर्यंत बोलत होता. आत्यानं उपासाला चालतात म्हणून बटाट्याच्या वेफर्सची दोन पाकिटं संपवली. कुठल्या तेलात तळलेत, हा प्रश्न देवानं त्या दिवशी माफ केला असावा.

आई सावकाश बाहेर आली. चेहऱ्यावर ना अपराध, ना विजय. पोट भरलेल्या माणसाचा असतो तसा चेहरा. “कसं हुतं?” आबांनी विचारलं.

“डाळ पातळ हुती.” तिनं पदरानं हात पुसले. “पुऱ्या गरम हुत्या. मानूस सारका इचारत हुता, आजून देऊ का.”

संध्याकाळी पार्किंगमध्ये डबे उघडले. मेच्या उन्हात दिवसभर गाडीत राहून भाजी आंबली होती. खिचडी आत्यानं हुंगून बाजूला ठेवली. दशम्या आणि चटणी शाबूत. सगळे सवयीनं आईकडं बघत उभे राहिले. ती पुढच्या सीटवर पाय मोकळे करून बसली होती. “माजं झालंय,” म्हणाली. “घ्या आपापलं.”

मग आबांनी वाढलं. खरंच. दशमीवर चटणी ठेवायला त्यांना चमचा सापडेना, आणि तो आईच्या हाताशी असलेल्या डब्यात होता, तरी तिनं सांगितलं नाही.

आता हे इथं संपलं असतं तर मी लिहिलं नसतं. आत्या आटपाडीला परत गेली आणि तिकडं बातमी पसरली: ‘आमची वैनी एकटीच जेवली. नवऱ्याला उपाशी ठेवून.’ मामा घरी नुसतं पनीरचंच बोलला होता, पण महिनाभरात ही बातमी सांगलीला मामीपर्यंत पोचली. मामीचा मला फोन आला. म्हटलं, आली बोलणी. तर ती खालच्या आवाजात विचारत होती, “तो पट्टा एकटीला मिळतोय व्हय गं?”

प्लॅन घ्यावा की न घ्यावा, असं आता लोक मला विचारतात. पोरांसाठी घेऊ नका, ती जेवणार नाहीत. उपासवाल्यांसाठी घेऊ नका. मेसला कंटाळलेल्या सुभेदारांना वडापावच्या रांगेत शिस्त शिकू द्या. पण प्लॅन नको म्हणताना तुमच्या तोंडून ‘घरचं न्यायचं’ निघालं, तर तुमचं पैशाचं शहाणपण कुणाच्या अंगावर पडतंय ते आधी बघा.

परवा आबांनी दिवाळीनंतरच्या सहलीचा विषय काढला. आई उठायला लागली, चहा ठेवायला. मी म्हटलं, बस. आबांनी माझ्याकडं बघितलं, तिच्याकडं बघितलं, आणि स्वतः उठले. साखरेचा डबा कुठं असतो हे त्यांनी आतून तीनदा ओरडून विचारलं. चहा पाणचट झाला. सभा मात्र आईच्या देखत झाली.

आता तुम्ही. हो, तुम्हालाच म्हणतेय, वाचून मान डोलावणाऱ्यांना. तुमच्या घरात पुढच्या सहलीची बैठक भरेल तेव्हा आधण तुम्ही ठेवा. एरवी जी ठेवते तिला सोप्यात खुर्चीवर बसवा आणि पहिलं मत तिचं घ्या. ‘तुम्ही म्हणाल तसं’ म्हणाली तर ते मत मोजू नका. पुन्हा विचारा, ती खरं बोलेपर्यंत विचारा, आणि तोवर ठराव लिहू नका.