चौथा कोपरा

मी गोधड्या शिवते आणि रविवारच्या बाजारात नेऊन विकते. शिवताना मला कशाचं काही वाटत नाही. विकायला बसले की मात्र पोटात गोळा येतो. इतकी वर्षं झाली, अजून येतो. ताडपत्री अंथरली, गोधड्यांची चवड लावली, की वाटायला लागतं, आता कोणीतरी समोर येऊन उभं राहणार आणि म्हणणार, बाई, तुमचा टाका उसवला. तसं आजवर कोणी आलेलं नाही, पण म्हणून काय झालं? सासूबाई म्हणतात, "तुले काळजी कराले कारण लागत नाही, फक्त बसाले जागा लागते." त्यांचं खोटं नाही. पण मागच्या हिवाळ्यात मला कारणही मिळालं, आणि ते चांगलं दणकट होतं.

धाड गावाहून एक पोर आली. पोर म्हणजे पंचविशीची बाई, सातवा महिना, बाळंतपणाला माहेरी आलेली. जीपमधून उतरली ती कमरेवर हात ठेवत सरळ माझ्याकडे. हातात बोचकं होतं. माझं काम दोन तऱ्हेचं. एक म्हणजे जुन्या कपड्यांवर भांडी देणाऱ्या भांडेवालीकडून जुनी लुगडी घ्यायची, त्यांच्या गोधड्या शिवायच्या आणि बाजारात मांडायच्या. दुसरं म्हणजे गिऱ्हाईक घरचं जुनं कापड घेऊन येतं, त्याचीच गोधडी करून द्यायची. हिला दुसरं पाहिजे होतं.

"काकू, बाळासाठी लहानी गोधडी पाह्यजे," ती म्हणाली. बोचक्यात तिच्या दोन साड्या होत्या, वडलांचं धोतर होतं, आणि सगळ्यात खाली कागदात गुंडाळलेलं एक जांभळं लुगडं. "हे माह्या आईचं. आई गेली पोळ्याच्या आधी. बाकीचे लुगडे मावश्यायनं वाटून घेतले, हे एकच राह्यलं."

आमच्याकडे बारशापर्यंत बाळाच्या अंगाला नवं कापड लावत नाहीत. घरातल्या मोठ्या माणसाचं, धुऊन धुऊन मऊ पडलेलं कापड लावतात. बाळंतपण करायला आई नाही, निदान आईचं लुगडं तरी बाळाच्या अंगाला लागावं, एवढंच तिचं म्हणणं होतं. "हे वरून घेजा, काकू. बाळाच्या अंगाकडून." तिनं हे दोनदा सांगितलं असणार. पण त्याच वेळी एक बाई माझ्या चवडीतली सगळ्यात खालची गोधडी ओढत होती, चवड ढासळत होती, माझं डोकं फिरलं होतं. मी हो हो म्हटलं आणि बोचकं बाजूला टाकलं.

घरी आल्यावर लुगडं उलगडलं. इतकं विरलं होतं की उजेडात धरलं तर पलीकडचा माणूस दिसावा. त्याला दातांना लावायच्या मिसरीचा वास येत होता. मी येईल ते कापड आधी गरम पाण्यातून काढते, त्यात माझा हात कोणी धरू शकत नाही. पण हे पाण्यात घातलं असतं तर लगदाच बाहेर आला असता. म्हणून नुसतं उन्हात टाकलं आणि कामाला बसले.

आता गोधडीवाल्या बाईचा हात कसा चालतो ते सांगते. दणकट कापड वर आणि खाली. विरलेलं, जीर्ण झालेलं असेल ते आत, मधे. आत गेलं की ते झिजत नाही, चिंध्या दिसत नाहीत आणि ऊबही तेच देतं. हे मला लग्नानंतर सासूबाईंनी शिकवलं, आणि आता हाताला ते विचारावं लागत नाही. मी पोरीच्या साड्या वर-खाली घातल्या, धोतर आणि जांभळं लुगडं आत घातलं, आणि बाकीच्या कामांतून वेळ काढत दीड महिना बारीक टाके घालत राहिले. काम इतकं सुरेख झालं होतं की मी स्वतःवरच खूश होते.

कडेची पट्टी तीन कोपऱ्यांपर्यंत आली होती. आमच्या घरी चौथा कोपरा लगेच शिवत नाहीत. त्यातून ज्वारीचे चार दाणे आत टाकायचे, गोधडीचं पोट भरायचं, मग तोंड बंद करायचं. तो सासूबाईंचा मान असतो. त्या दाणे आणायला उठल्या आणि नेमका माझा फोन वाजला.

"काकू, आईचं लुगडं वरून घेतलं नं?"

तेव्हा कुठे मला तिचं बाजारातलं सांगणं आठवलं. आणि मी काय म्हणावं? "हो," म्हटलं. "हो माय, घेतलं." तिकडून ती समाधानानं म्हणाली की या रविवारी न्यायला येते, आता जास्त दिवस राहिले नाहीत. फोन ठेवला आणि मला माझाच इतका राग आला की हातातली सुई मी फेकून दिली. मग अर्धा तास तीच शोधत बसले.

तो गुरुवार होता. टाके सगळ्या थरांतून आरपार गेलेले. उसवायचे तर हजारभर टाके, आणि प्रत्येक टाक्याबरोबर ते जीर्ण सूत ओढलं जाणार. तरी मी उघड्या कोपऱ्यापासून सुरुवात केली. कात्रीच्या टोकानं एक एक टाका उचलत गेले. हाताचा पंजा आत जाईल एवढी जागा सुटली आणि आत काहीतरी टर्रकन फाटलं. आवाज एवढासाच, पण माझ्या काळजातून गेला. मी थांबले. अजून पुढे गेले असते तर तिच्या आईचं एकुलतं एक लुगडं माझ्या हातानं चिंध्या झालं असतं.

सासूबाई सगळं बघत होत्या. त्या उठल्या आणि त्यांनी माझ्या गठ्ठ्यातून एक जांभळं लुगडं ओढून काढलं. भांडेवालीकडचं, कोणा परक्या बाईचं. रंग जवळजवळ तोच. "हे लाव वरून. कोणाले समजते?"

"मले समजते नं," मी ओरडले. सासूवर मी सहसा ओरडत नाही. त्या म्हणाल्या, "मंग बस रडत." आणि निघून गेल्या.

खरं सांगायचं तर मी ते लुगडं कापलं. शुक्रवारी मापानं कापून गोधडीवर अंथरूनही पाहिलं. झकास दिसत होतं. पोरीला कळलं नसतं, बाळाला तर नाहीच नाही. शनिवारभर मी ते अंथरत होते, उचलत होते. भाजी करपली, दूध उतू गेलं. सारखं एकच डोळ्यांसमोर येई, की ती पोर परक्या बाईच्या लुगड्यावर गाल घासते आहे आणि आई, आई म्हणते आहे. शेवटी मी तो तुकडा गठ्ठ्यात कोंबला. चौथा कोपरा शिवायचं मात्र धाडस होईना. तो शिवला की लुगडं कायमचं आत गेलं.

रविवारी निघताना सासूबाईंनी पुन्हा टोकलं. "उघड्या तोंडाची गोधडी बाजारात नेतात काय कुठं?" मी दाणे पदराच्या गाठीत बांधले आणि एसटीत बसले. वाटेत दोनदा वाटलं की उतरून परत जावं आणि फोन करून सांगावं, ताप आला.

ती आली. आता चालताना तिला धाप लागत होती. मी गोधडी तिच्या हातात दिली आणि तिनं काही विचारायच्या आतच एका दमात सगळं सांगून टाकलं. लुगडं आत गेलं, फोनवर खोटं बोलले, उसवायला गेले तर फाटलं, सगळं. दुसऱ्या लुगड्याचंसुद्धा सांगितलं, ते खरं म्हणजे सांगायची गरज नव्हती.

तिनं गोधडीवरच्या आपल्याच साडीवरून हात फिरवला. "मी दोन वेळा सांगतलं होतं, काकू," एवढंच म्हणाली. आवाज चढवला असता तर मला बरं वाटलं असतं. माझ्याच्यानं मान वर करवेना.

मग तिला तो उघडा कोपरा दिसला. तिनं आधी दोन बोटं आत घातली, मग मनगटापर्यंत हात. आत चाचपडत राहिली. लुगडं सापडलं असावं, कारण तिचा चेहरा बदलला. तिनं हात बाहेर काढला आणि नाकाशी नेला. मग गोधडीच उचलली, तो कोपरा तोंडाशी धरला आणि भर बाजारात डोळे मिटून उभी राहिली. शेजारचा बांगड्यावाला चाचा हातातलं काम सोडून तिच्याकडे पाहत होता.

"मिसरी," ती म्हणाली. "काकू, धुतलं नाही काय तुम्ही?"

मी म्हटलं, "नाही माय. फाटलं असतं."

ती रडायला लागली. मलाही राहवलं नाही. मग तिनं पदरानं तोंड पुसलं आणि गोधडी छातीशी घेतली. मी पदराची गाठ सोडून दाणे काढले, सुई काढली. म्हटलं, "आण, दोन मिनिटांत तोंड शिवून देतो."

"नका शिवू," ती म्हणाली. "वास संपला की मी घेऊन येईन. मंग शिवून देजा."

तिला मुलगी झाल्याचं पुढे कळलं. ते दाणे मी एका डबीत ठेवले आहेत, सुईदोऱ्याबरोबर दर रविवारी बाजारात नेते. धाडची जीप येऊन थांबली की माझ्या पोटात गोळा येतो. उतरणारं एक एक माणूस मी बघत राहते. ती त्यांच्यात नसली की माझा जीव भांड्यात पडतो.